३५७ मॅग्नम आहे, तर सगळ्यात जोरदार काडतूस का घेऊ नये?

गिरगावकर (धागाकर्ता)
बाबा जहाजावर होते. ऐंशीच्या दशकात आयात बंद व्हायच्या आधी त्यांनी स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं मॉडेल १९ आणलं होतं: चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर, ३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं. ते गेल्यावर दोन वर्षं रिव्हॉल्व्हर दुकानदाराकडे जमा होतं, वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला तेवढा वेळ गेला. आता ते हातात आलंय. बाबांची जुनी काडतुसं मात्र हिरवी पडलीत, ती वापरायची नाहीत हे मला कळतं.

नवीन कोणती घ्यावीत? माझं मत सरळ आहे. परवान्यावर मोजकीच मिळतात, तर मिळतील ती सगळ्यात जोरदार घ्यावीत. १२५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), पोकळ टोकाची गोळी: वेग सेकंदाला साधारण १४५० फूट, ऊर्जा ५८० फूट-पौंडांच्या आसपास. शेजारच्या काकांकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, त्याच्या ९८ ग्रेनच्या गोळीची ऊर्जा ११५. पाचपट फरक! मॅग्नम घेऊन मिळमिळीत गोळी भरायची म्हणजे बिनगुळाची पुरणपोळी.

वरळी_पंचवीस_मीटर
पुरणपोळी ठीक, पण तवा कोणता आहे ते बघा. मॉडेल १९ आणि १२५ ग्रेन हीच नेमकी बदनाम जोडी आहे.

चक्रीतून (काडतुसं बसतात तो फिरता भाग) सुटलेली गोळी नळीत शिरते त्या निमुळत्या तोंडाला फोर्सिंग कोन म्हणतात. मॉडेल १९ ची चौकट, म्हणजे हत्याराचा सांगाडा, मध्यम आकाराची. चक्री नीट बंद व्हावी म्हणून या तोंडाची खालची बाजू सपाट कापलेली असते, आणि तिथेच धातू सगळ्यात पातळ. १२५ ग्रेनची गोळी आखूड असते. ती लवकर कोनात शिरते आणि मागचा पेटता वायू, न जळलेले दारूचे कण थेट त्या पातळ जागेवर आदळतात. कोनाला तडा जातो तो बहुतेक तिथेच, खालच्या बाजूला.

हे रिव्हॉल्व्हर पन्नाशीच्या दशकात निघालं तेव्हा हिशेब असा होता की अमेरिकन पोलिसांनी सराव ३८ स्पेशल या हलक्या काडतुसाने करायचा आणि मॅग्नम फक्त ड्युटीवर न्यायचं. पुढे सरावही मॅग्नमनेच व्हायला लागला आणि नळ्या तडकू लागल्या. १९८० च्या सुमारास कंपनीने जाड चौकटीची ५८६ आणि ६८६ ही मॉडेलं काढली त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

तुम्ही १५८ ग्रेन घ्या. १९३५ साली ३५७ मॅग्नम जन्माला आलं तेच या वजनाच्या गोळीवर.

ठाणेकर_दणका
पूर्ण असहमत. कंपनीचं काडतूस ठरलेल्या कमाल दाबाच्या आतच असतं ना? ३५७ ला तो ३५,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, मग गोळी १२५ ची असो वा १५८ ची. दोन्ही त्याच मर्यादेत. इंटरनेटवर एकाची नळी तडकली की हजार जण घाबरतात. गिरगावकर वर्षाला किती झाडणार? वीस? पंचवीस? त्यांच्या नातवाच्या हयातीतही काही होणार नाही.

वरळी_पंचवीस_मीटर
दाबाची मर्यादा चक्री फुटू नये म्हणून असते. झीज वेगळी गोष्ट आहे. प्रेशर कुकरची शिट्टी ठीक वाजते म्हणून रबर झिजत नाही असं थोडंच आहे? आणि हे हत्यार चाळीस वर्षांचं. बाबांनी आधी किती झाडली याचा हिशेब आहे का कुणाकडे?

बाकी पंचवीस काडतुसांचा मुद्दा मान्य. तेवढ्याने काही बिघडणार नाही.

माजी_न्यूजर्सी
इतका वाद कशाला? ३८ स्पेशल आणून सराव करा, ते ३५७ मध्ये छान बसतं. मॅग्नम काडतुसाचं पितळी कवच मुद्दाम साधारण एक अष्टमांश इंचाने लांब ठेवलं, ते ३८ च्या जुन्या रिव्हॉल्व्हरात बसू नये म्हणून. उलटं मात्र चालतं. तिकडे आम्ही सगळे हेच करायचो.

क्रॉफर्ड_मार्केट_वारी
तिकडे, साहेब. इथे परवान्यावर जे बोअर (नळीचं माप) लिहिलंय त्याचंच काडतूस मिळतं. ३८ म्हटलं की दुकानदार आधीच दोन पावलं मागे सरकतो. खरं तर कायद्यातली बंदी लष्करी ३८० चं काडतूस चालवू शकणाऱ्या हत्यारांवर आहे, आणि ३८ स्पेशल हे वेगळं काडतूस. पण हे काउंटरवर कोण कुणाला समजावणार? आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून लेखी घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. घरी काडतुसं भरण्याचा विचार तर मनातही आणू नका.

येऊर_पायथा
आमच्याकडे रात्री बिबट्या अंगणापर्यंत येतो. त्याच्यासाठी १८० ग्रेनची कडक शिशाची गोळी बरी असं वाचलंय. अनुभव?

क्रॉफर्ड_मार्केट_वारी
अनुभव घेऊही नका. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. अंगणात दिवा लावा, कुत्रं आत बांधा. ती गोळी अलास्कातल्या अस्वलांसाठी असते.

लालबागची_सून
सगळे वेग आणि दाबावर बोलताय, मी भिंतीवर बोलते. सासऱ्यांचं ३२ आमच्या घरी आहे. चाळीत दोन खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन, पलीकडे जोशींचा पाळणा. गिरगावकर, तुमचंही घर असंच कुठेतरी असणार. असलं पार्टिशन ३५७ ला कितीसं अडवणार? तुमच्या त्या "पाचपट"मधला उरलेला जोर कुणाच्या घरात जाणार, ते आधी ठरवा.

आणि आवाज! बंद खोलीत ते वाजलं तर तुम्हालाच पाच मिनिटं काही ऐकू येणार नाही.

ठाणेकर_दणका
ताई, म्हणूनच तर १२५ ची पोकळ टोकाची! ती आत फुलते आणि वेग हरवते. १५८ ची जड गोळी जास्त आरपार जाते. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

लालबागची_सून
ती फुलते लागली तर. चुकली तर पार्टिशनला काय कळतंय पोकळ टोक? अंधारात, झोपेतून उठून, वर्षाला वीस गोळ्यांच्या सरावावर तुमचा नेम लागणार आहे का?

वरळी_पंचवीस_मीटर
हे बरोबर आहे आणि मला ते आधीच लिहायला हवं होतं. मॅग्नमचा धक्का आणि भपका असा असतो की दुसऱ्या गोळीला माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच दचकतो. नवशिक्याच्या पहिल्या सहा गोळ्या कागदावर कुठे लागतात ते एकदा बघा. नेमबाजीतल्या सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत मॅग्नमला बंदीच आहे, तिथे बहुतेक जण ३२ ची सपाट टोकाची हळू गोळी वापरतात. २००६ साली दोहाच्या आशियाई खेळांत जसपाल राणाने ५९० गुण करून सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात.

 

गिरगावकर (धागाकर्ता)
भिंतीचा विचार केला नव्हता, खरंच. आमच्या पलीकडे ऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात.

आज दुकानात जाऊन आलो. १२५ ची नाहीतच. १५८ ग्रेनची, मऊ टोकाची एकच पेटी आहे, त्यातही अर्धी दुसऱ्या कुणासाठी बाजूला ठेवलेली. भाव ऐकून वर्षाला वीसचा मुद्दाही निकालात निघाला.

ठाणेकर_दणका
मग तीन दिवस आम्ही भांडलो कशाला?

वरळी_पंचवीस_मीटर
घ्यायच्या आधी रिव्हॉल्व्हर शस्त्रकाराला दाखवा. चक्री आणि नळी यांमधली फट मोजायला सांगा, पाव मिलिमीटरच्या वर गेली असेल तर काडतुसांचे पैसे दुरुस्तीवर घाला. कोनाची खालची बाजू भिंगातून बघायला सांगा.

क्रॉफर्ड_मार्केट_वारी
आणि पावती जपून ठेवा. निवडणूक लागली की हे सगळं पुन्हा पोलीस ठाण्यात जमा करायचंय, मोजून.