मारुती एस्टीमच्या पिस्टनची ऑर्डर द्यायची आहे: कॉम्प्रेशन रेशो 11 की 10?

रामबागकर:
घरची एस्टीम, 16 व्हॉल्व्हवाली, शेवटी उघडली. बोअर (सिलिंडरची भोकं) ओव्हल झालेत, त्यामुळे 74 मिमीचे 74.5 करणं आलंच. नवे पिस्टन घ्यायचेच आहेत, तर फोर्ज्ड (दाबून घडवलेले) करून घेतो. काल हेड उलटं ठेवलं, ग्रीस लावून ॲक्रिलिकची चकती चिकटवली आणि बुरेटने रंगीत स्पिरिट सोडलं. पिस्टन पूर्ण वर असताना डोक्यावर उरणारी जागा, गॅस्केट, डेक (ब्लॉकच्या तोंडाखालची फट), पिस्टनची वाटी सगळं धरून, 38.2 सीसी. स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे 324.7 सीसी. दोन्हींची बेरीज भागिले 38.2, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो 9.5.

मला 11 हवाय. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, 108 च्या घरात. शिवाय आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, हवा मुळात पातळ, सिलिंडर भरतं तेच कमी. मग भ्यायचं कशाला?

लेथवरचा:
भिया, 108 हा शुद्ध इथेनॉलचा आकडा. ई20 च्या मानकात किमान 95 आहे, तेवढंच धर. आणि पातळ हवेचा जो फायदा होतो तो मे महिन्यातली 42 डिग्री खाऊन टाकते. एसी चालू, गाडीत पाच माणसं, भेरूघाट, तिसरा गिअर, आरपीएम दोन हजार. तिथे 11 ला खडखड (नॉकिंग, मिश्रण आपोआप पेटणं) होणार आणि तुझ्या गाडीत ती ओळखणारा नॉक सेन्सर नाही. टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार कोण?

कमाईही बघ. पुस्तकी सूत्राने 9.5 वरून 11 ला कार्यक्षमता वाढते जेमतेम 4 टक्के. 85 च्या गाडीत तीन-साडेतीन घोडे. एवढ्यासाठी टायमिंग मागे आणलंस की तेही गेले.

घाटवेडा:
हिशोब बरोबर, पण अर्धाच. कॉम्प्रेशन कोणी नुसत्या टॉप-एंडसाठी (वरच्या आरपीएमच्या ताकदीसाठी) वाढवत नाही. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी, लांब कालावधीची कॅम टाकली की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर येताना थोडं मिश्रण परत बाहेर ढकलतो आणि खालचा दम जातो. मग गाडी चार हजारांपर्यंत झोपलेली. तो दम परत आणायला रेशो लागतो. स्टॉक कॅमवर 11 हा वेडेपणा, मान्य. पण तशा कॅमवर 9.5 ठेवणं हाही वेडेपणाच. माझी 10.8 वर चालून राहिली आहे, सिमरोलच्या घाटात सुद्धा.

रामबागकर:
कॅम बदलणारच आहे, मघाशी लिहायचं राहिलं.

लेथवरचा:
हे आधी सांगायचं! तरी घुमटवाला पिस्टन नको. घुमटाने ज्वालेची वाट अडते, टायमिंग जास्त पुढे लागतं. तुझा पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून किती खाली थांबतो?

रामबागकर:
0.4 मिमी. गॅस्केट दाबल्यावर 1.1.

लेथवरचा:
म्हणजे स्क्विशची (पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली) फट 1.5. ना इकडची ना तिकडची. पिस्टनमधलं पिनचं भोक 0.4 ने खाली घेऊन पिस्टन तोंडाबरोबर आण. एवढ्यानेच पावणेदोन सीसी जातात, 74.5 बोअरवर सरळ 10 होतात, आणि 1.1 च्या फटीत मिश्रण नीट घुसळलं जाऊन नॉकिंग उलट कमी होतं. 11 साठी आणखी साडेतीन सीसी काढावे लागतील, ते घुमटातूनच.

स्वस्तातमस्त:
एवढं कशाला? हेड फेसिंग करा (खालून घासून घ्या), पाचशे-हजारात काम.

घाटवेडा:
मिमीचा दहावा भाग घासला की मिळतात साधारण 0.35 सीसी. ते साडेतीन सीसी काढायला पूर्ण मिमीभर घासावं लागेल. टायमिंग बेल्ट सैल, कॅम मागे, व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर. छान.

काकूंचापुतण्या:
आरसीवर 1298 लिहिलंय, 74.5 नंतर 1316 होणार. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीतल्या बदलांबद्दलचं. गाडी काकांच्या नावावर आहे ना?

लेथवरचा:
अर्धा मिमी रिपेअर साइज आहे हो. घाबरवू नका पोराला.

बरं, धातू ठरवलास? ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी 2618 मजबूत, पण सिलिकॉन कमी, गरम झाला की फुगतो. म्हणून सिलिंडरच्या भिंतीशी क्लिअरन्स जास्त ठेवतात. सकाळी पोहे आणायला गाडी काढलीस की पहिली दोन मिनिटं टकटक ऐकत बसशील. टर्बो नाही, तुला जास्त सिलिकॉनवाला 4032 पुरे.

घाटवेडा:
यावर मी लेथवाल्यांच्या बाजूने. पण ई20 चं विसरू नका. त्याच्या एका भागाला हवा 14.7 भाग नाही, 13.5 च्या आसपास लागते. फुल थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरचं कोणी ऐकत नाही, गाडी लीन जाते (इंधन कमी पडतं). फ्युएल न वाढवता 10 सुद्धा जाळेल.

रामबागकर:
आज नवी कॅम बसवून पोरीची क्ले पिस्टनवर थापली, हाताने दोन फेरे दिले, कापून मोजली. इनटेक व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये 1.7 मिमी उरतंय. पिस्टन 0.4 ने वर आणला तर 1.3. म्हणजे पिस्टनमधली व्हॉल्व्हसाठीची खाच (पॉकेट) खोल करावी लागणार आणि तिथे अर्धा-पाऊण सीसी परत जाणार. वाटी 1.7 सीसीने उथळ करून 10.3 बसतंय. 11 चा हट्ट सुटलेला नाही, पण हा सेट 10.3 चा. 4032. उद्या ब्लॉक बोअरिंगला देतो.

लेथवरचा:
थांब! बोअर आत्ता करू नकोस. आधी पिस्टन हातात येऊ देत. चारही मोजायचे, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर), आणि ज्याचा त्याला बोअर. आणि पिनची उंची ड्रॉइंगवर लिहून दे, फोनवर सांगू नकोस.