कन्सल्टिंग कंपनीची ऑफर आलीय, लोकेशन फक्त 'मुंबई'. घेऊ का?

भांडुपकर_टेस्टर
मंडळी, चार वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत टेस्टिंग करतोय. माणसं चांगली आहेत, पगार मात्र जागचा हलत नाही. आता एका मोठ्या आयटी कन्सल्टिंग कंपनीकडून वर्षाला ९ लाख सीटीसीची (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) ऑफर आहे. त्यात १० टक्के व्हेरिएबल, नोटीस पिरियड ९० दिवस. क्लायंट कोण असं विचारलं तर एचआर म्हणते, "जॉइन झाल्यावर कळेल." आईचं म्हणणं, मोठ्या कंपनीचं नाव असलं की स्थळं बरी येतात. मला स्थळांपेक्षा बेंचची, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहण्याची, धास्ती आहे. आत राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा. हातात किती पडेल तेही.

चकली_चिवडा
घे रे बिनधास्त. बेंच म्हणजे भरपगारी सुट्टी. मी बेंचवर असताना सर्टिफिकेशन उरकलं आणि गणपतीला गावी जाऊन आलो. २०१६ ची गोष्ट आहे म्हणा.

कुर्ला_पश्चिम
चकली, २०१६ चा बेंच आता कुठे राहिलाय? टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ बिलेबल (क्लायंटला बिल लावता येईल असे) दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम आणला, पेपरात आलं होतं सगळं. बाकीच्यांचे नियम वेगळे असतील, पण बेंचवर कोणी निवांत नसतं. आरएमजीवाले (माणसांना प्रोजेक्टवर लावणारा विभाग) रोज फोन करतात, हैदराबादला जातोस का, सपोर्टला जातोस का. दोनदा नाही म्हटलं की फोनवरचा सूर बदलतो.

भांडुपकर, मी अशा कंपनीत दहा-अकरा वर्षं काढली. आधी अंधेरीचं सीप्झ, मग ऐरोली, शेवटी बीकेसीत एका बँकेच्या ऑफिसात. तिन्ही वेळा माझ्या कागदावर लोकेशन 'मुंबई'च होतं. तुला भांडुपहून ऐरोली म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, निदान उलट्या दिशेची गाडी. बीकेसी म्हणजे कुर्ल्याला उतरून पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग, आणि पावसाळ्यात ती रांग काय असते ते माझ्या नावावरून ओळख. मालाडचं माइंडस्पेस निघालं तर जेव्हीएलआरचा रस्ता. पगार तोच, संध्याकाळ तिन्हीकडे वेगळी.

लोक "कंपनी कशी आहे" विचारतात. तू विचार, प्रोजेक्ट टी अँड एम आहे की फिक्स्ड बिड. टी अँड एममध्ये क्लायंट तुझ्या तासांचे पैसे मोजतो, त्यामुळे कोणी फुकटचे तास मागायला आलं तर मॅनेजरलाच हिशोब द्यावा लागतो. फिक्स्ड बिडमध्ये रक्कम आधीच ठरलेली. सेल्सवाल्यांनी सहा महिन्यांचं काम चार महिन्यांत होईल असं सांगून सही घेतलेली असते, आणि ते उरलेले दोन महिने तुझ्या शनिवार-रविवारांतून वसूल होतात. टेस्टर सगळ्यात शेवटी असतो, म्हणजे उशीर सगळ्यांचा आणि जागरण तुझं. हे एचआरला माहीतच नसतं. मॅनेजरच्या मुलाखतीच्या राऊंडला विचारायचं, तिथे माणूस क्षणभर गप्प झाला तर समजून जायचं.

आणि क्लायंटच्या जागेवर बसणार असशील तर: लॅपटॉप त्यांचा, वेळ त्यांची, घरून काम करायचं की नाही तेही तेच ठरवणार. गळ्यातल्या कार्डाची पट्टी मात्र वेगळ्या रंगाची. त्यांच्या दिवाळीच्या मिठाईच्या यादीत आपण नसायचो. आमच्यातला एक जण दरवर्षी काजूकतलीचा डबा घेऊन यायचा आणि मुद्दाम त्यांच्याच टेबलावर उघडायचा. अप्रेझल देणारा आपल्या कंपनीतला, त्याने आपलं काम पाहिलेलंच नसतं. म्हणून क्लायंटच्या कौतुकाच्या मेल वेगळ्या फोल्डरला टाकून ठेवत जा.

पण शिकायला मिळालं ते कुठेच मिळालं नसतं. १६ डिसेंबर २०१९ ला एनईएफटी (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय) चोवीस तास झालं तेव्हा मी बँकेच्याच प्रोजेक्टवर होते. त्याआधी संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी व्यवहार बंद, सिस्टीमला हात लावायला ती वेळ हक्काची. आता दर अर्ध्या तासाला एक, दिवसाला ४८ बॅच. रिलीज, म्हणजे नवे बदल चालू सिस्टीमवर चढवणं, करायचं कधी? पैसे अर्धवट अडकले तर परत कुठे जातात? बँकेतली मुरलेली माणसं टेबलाशी बसवून समजावायची. आज मला नोकरी त्याच माहितीवर आहे, कुठल्या टूलवर नाही. शनिवारी रात्री रिलीज आणि रविवारी घरी निघावं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, हे मात्र चालायचंच.

हिशोबनीस
पगाराचं मी सांगतो. महिन्याला ७५,००० धर. व्हेरिएबलचे ७,५०० बाजूला काढ, ते कंपनी आणि तुझं रेटिंग ठरवेल तेव्हा मिळतील. बेसिक निम्मं, ३७,५०० धरलं तर मालकाच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण १,८०० हेही सीटीसीतच मोजलेले असतात. तुझ्या वाट्याचा पीएफ ४,५००, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेछप्पन हजारांच्या आसपास. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर दोन्हीकडे १,८०० च जातील आणि हातात थोडे जास्त पडतील. नवीन रिजीममध्ये या पगारावर इन्कम टॅक्स लागत नाही. ग्रॅच्युइटी पाच वर्षं टिकलास तरच. त्यामुळे सीटीसी सीटीसीशी ताडू नकोस, सध्याची स्लिप समोर घेऊन बस.

भांडुपकर_टेस्टर
सगळ्यांचे आभार. कुर्लाताई, मॅनेजरला फोन लावला. क्लायंट विमा कंपनी, ऑफिस ऐरोली, आठवड्यातून तीन दिवस जायचं. फिक्स्ड बिड आहे का विचारल्यावर आधी हसला, मग म्हणाला, "पहिला फेज फिक्स्ड आहे." आणि हिशोबनीस, सध्या हातात ४३ हजार पडतात.

कुर्ला_पश्चिम
हसला म्हणजे निदान खोटं बोलत नाहीये. पहिला फेज संपायची तारीख काय आणि आत्ता ते किती मागे आहेत, एवढं विचारून घे. आणि प्रोबेशनमधला नोटीस पिरियडही ९० दिवसांचाच आहे का ते मेलवर लिहून माग, तोंडी नको.