मदत हवी आहे: इन्स्क्रिप्टसाठी मेकॅनिकल कीबोर्ड जुळवायचाय, सुटे भाग कसे निवडू?

बोरूबाई

नमस्कार मंडळी. मी अनुवादाची कामं करते, पुण्यात असते. दिवसाचे बरेच तास मराठी टंकण्यात जातात, तेही इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींच्या प्रमाण कळमांडणीत. आधीच्या ऑफिसात टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड होता, निळ्या स्विचचा (स्विच म्हणजे कळीखालचा खटका, निळा टक् वाजतो). त्याची सवय लागली ती लागलीच, आता लॅपटॉपच्या चपट्या कळांवर हात बसत नाही. तयार कीबोर्ड घेणार होते, तेवढ्यात भाच्याने "मावशी, सुटे भाग घेऊन जोड, तुला हवा तसा होईल" असं पिल्लू सोडून दिलं. तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ बघतेय आणि रोज गोंधळ वाढतोय.

अडलेय ते असं. कीबोर्डचे आकार पूर्ण लांबीच्या मानाने ६० टक्के, ६५ टक्के, ७५ टक्के असे सांगतात, यांतलं इन्स्क्रिप्टला काय चालेल? एका दुकानात ॲल्युमिनियमची केस सवलतीत दिसतेय. ती आत्ता घेऊन पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) आणि प्लेट (स्विच जिच्यात बसतात ती पट्टी) नंतर दुसरीकडून घेतली तर जुळेल का? देवनागरी छापलेले कीकॅप, म्हणजे कळांच्या टोप्या, मिळतात का? मी न बघता टंकते, पण शिफ्ट दाबून आकड्यांच्या ओळीतून ज्ञ, त्र, क्ष, श्र काढताना अजूनही मान खाली जाते.

शिवाय काम रात्री चालतं आणि सासूबाईंची झोप सावध आहे, त्यामुळे जुना खडखडाट आता चालणार नाही. बजेट १५,००० च्या आत. सोल्डरिंग येत नाही. भाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून काय मागवावं हेही सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

खटखट्या

ताई, सगळ्यात आधी ती सवलतीतली केस बाजूला ठेवा. कितव्या टक्क्याची आहे ते लिहिलेलंच नाहीये तुम्ही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

केस, पीसीबी आणि प्लेट हे त्रिकूट एकमेकांना बांधलेलं असतं. सुटं सुटं घेऊन जुळण्याची बऱ्यापैकी खात्री फक्त ६० टक्क्यांत, तीही ट्रे माउंट प्रकारात, म्हणजे पीसीबी थेट केसच्या तळाला स्क्रूने बसतो त्या. गीकहॅक या कीबोर्डच्या फोरमवरच्या हौशी लोकांनी जीएच६० नावाचा पीसीबी केला, पुढे बाकीच्यांनी त्याच्याच स्क्रूच्या जागा आणि डावीकडचं यूएसबीचं तोंड उचललं, म्हणून तिथे एकाची केस दुसऱ्याच्या पीसीबीला बसते. ६५ आणि ७५ मध्ये असा कुणाचा कुणाला पायपोस नाही. यूएसबी एकाचं डावीकडे, दुसऱ्याचं मध्ये. गॅस्केटच्या (प्लेटला आधार देणाऱ्या मऊ पट्ट्यांच्या) खाचा प्रत्येकाच्या निराळ्या. तेव्हा हे तीन भाग एकत्रच घ्या. दुकानात त्याला बेअरबोन किंवा किट म्हणतात. कीक्रॉन कंपनीच्या व्ही आणि क्यू मालिकांत बेअरबोन मिळतात. बजेट बघता प्लास्टिक केसचं व्ही बघा, क्यू धातूचं आणि महाग. मेकीज, स्टॅक्सकेबी, निओमॅक्रो ही आपल्याकडची दुकानं, तिथेही किट येत-जात असतात.

स्विच, कीकॅप, स्टॅबिलायझर (स्पेसबारसारख्या लांब कळा सरळ दबाव्यात म्हणून लावायचे तारेचे भाग) मात्र बरेच मोकळे. चेरीच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, केल, आउटेमू सगळ्यांनी त्याच अधिक चिन्हाच्या दांड्याचे स्विच काढले, त्यामुळे कुणाचाही कीकॅप कुणाच्याही स्विचवर बसतो. केलचे बुटके चॉक स्विच आणि टोप्रे कंपनीचे स्विच तेवढे वेगळे, ते चुकून कार्टात टाकू नका.

आकाराचं म्हणाल तर ६० मध्ये अक्षर एकही जात नाही. डावीकडे वर बॅकटिकच्या जागी एस्केप येतं, पण इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ऱ्हस्व ओ असतो, तो मराठीला लागतच नाही. जातात त्या बाणांच्या कळा. अनुवादाच्या कामात वाक्यात मागेपुढे फिरणं किती असतं ते तुम्ही जाणताच. म्हणून ६५ किंवा ७५. आणि पीसीबी हॉटस्वॅप आहे याची खात्री करा, म्हणजे स्विच नुसते दाबून बसतात, सोल्डरिंगचा प्रश्नच मिटतो.

अर्धा_कीबोर्ड

कशाला एवढ्या कळा? प्लँक घ्या नाहीतर कॉर्न, दोन्ही अगदी छोटे कीबोर्ड. प्लँक १२ च्या ४ ओळी, कॉर्न तर ४२ कळांत आटोपतो. बाकी सगळं लेअरवर, म्हणजे एक खास कळ दाबून धरली की त्याच कळा दुसरी अक्षरं देतात. बोटं मधल्या ओळीतून हलत नाहीत, मनगटाला आराम.

खटखट्या

इंग्रजीला ठीक आहे हो. इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीकडे काय काय कोंबलंय ते आठवा. सेमीकोलनवर च, अवतरणावर ट, चौकटी कंसावर ड, बरोबरच्या चिन्हावर ृ, उलट्या तिरक्या रेघेवर ॉ. तुमच्या १२ रकान्यांत ड, ृ आणि ॉ हद्दपार. 'गाडी' लिहिताना मध्येच लेअर बदलायचा? आणि आकड्यांची ओळच नाही, म्हणजे ताईंचे ज्ञ, त्र, क्ष, श्रसुद्धा गेले.

अर्धा_कीबोर्ड

मी फोनेटिक वापरतो, हे लक्षात आलं नव्हतं. ड चा मुद्दा मान्य. तरी एकदा वापरून बघा म्हणेन.

कोकणकडा

+१ खटखट्या. त्यात भर: आयएसओ (युरोपी) आराखडा घेऊ नका, आन्सी (अमेरिकी) आराखडाच घ्या. आयएसओमध्ये एंटर उभा होतो आणि ॉ ची कळ एका ओळीने खाली सरकते. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज लिहिताना दर वेळी हात अडखळेल. शिवाय आयएसओला बसणारे कीकॅपचे संच शोधत बसावं लागतं.

हडसनकाठी

भावाकडून काय मागवायचं यावर लिहिते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी मला यादी पाठवतं. केस मागवू नका. ॲल्युमिनियमचा कीबोर्ड दीड-दोन किलोपर्यंत जातो आणि दिवाळीला येणाऱ्या माणसाच्या बॅगेत तेवढी जागा चकलीच्या साच्यालासुद्धा नसते. स्विच आणि कीकॅप मागवा. स्विच खोक्यातून काढून झिपच्या पिशवीत भरले की वजन किरकोळ, पण पिशवी कडक डब्यात ठेवायला सांगा, नाहीतर धातूचे पाय वाकतात. बिनतारी किट असेल तर आत लिथियम बॅटरी असते. सुटी बॅटरी केबिन बॅगेतच चालते, चेक-इनमध्ये नाही.

कुरिअरने थेट मागवायचं ठरवलंत तर लक्षात घ्या की कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूवर बसत नाही, वाहतूक खर्च धरून बसते. वर आयजीएसटी, वर कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क. केवायसी मागतात ते वेगळंच. चाळीस डॉलरचा संच दारात येईपर्यंत भलताच होतो. "भेटवस्तू" लिहून पाठवायला सांगू नका, २०१९ च्या अखेरीस ती सवलत गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं यांना तेवढी आहे.

सबुरी

ग्रुप बाय नावाचा प्रकार दिसला तर चार हात लांब राहा, एवढंच सांगायला आलोय. आधी पूर्ण पैसे भरायचे, मग पुरेशा ऑर्डर जमल्या की कारखाना माल बनवणार. जीएमके कंपनीचे कीकॅपचे संच बहुतेक असेच निघतात, किंमत शंभर डॉलरच्या वर. आमचे पैसे एका परदेशी दुकानाकडे वर्षाच्या वर अडकले, मग त्यांनी उत्तरं देणंच बंद केलं. कार्डाकडे तक्रार करायची मुदत तोवर उलटलेली. संच सुंदर होता, चित्रात. कामासाठी कीबोर्ड हवाय तर दुकानात हजर माल असेल तोच घ्या.

बोरूबाई

बापरे, किती छान उत्तरं! ती केस ६० टक्क्यांची निघाली, सोडून दिली. ७५ टक्क्यांचं हॉटस्वॅप किट नक्की केलंय, स्टॅबिलायझर त्यातच आहेत. आता दोन गोष्टी. एक, स्विच: निळ्याची सवय आहे पण आवाज नको. निळ्यालाच वंगण घालून शांत करता येतं का? दोन, कीकॅपचा एक स्वस्त संच आवडलाय, १०४ कळांचा. १०४ म्हणजे माझ्याकडच्या कळांपेक्षा जास्तच, मग सगळं बसायला हवं ना?

खटखट्या

नाही ना बसत! इथेच लोक फसतात. १०४ चा संच पूर्ण लांबीच्या कीबोर्डसाठी असतो, त्यात उजवी शिफ्ट २.७५ युनिटची (साध्या अक्षराच्या कळीची रुंदी म्हणजे १ युनिट). तुमच्या ७५ टक्क्यांत बाणांना जागा द्यायला ती १.७५ ची केलेली असते, आणि स्पेसबारच्या उजवीकडच्या कळाही बऱ्याचदा १ युनिटच्या. संचाच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात जादाच्या कळा मांडलेल्या असतात, त्यात १.७५ ची शिफ्ट दिसली तरच घ्या. स्पेसबार बहुधा ६.२५ चा असेल, पण काही किटमध्ये ७ चा असतो, तेही ताडून बघा. चेरी आणि ओईएम प्रोफाइलमध्ये (कीकॅपच्या घडणीत) प्रत्येक ओळीची उंची वेगळी, त्यामुळे एका ओळीची कळ दुसरीकडे खपवली तर बोटाला टोचत राहते. एक्सडीए, डीएसए प्रोफाइलमध्ये सगळ्या ओळी सारख्या, तिथे कुठलीही कुठेही चालते, पण मला स्वतःला त्यावर टंकायला आवडत नाही.

प्लास्टिक पीबीटी जातीचं घ्या. एबीएस काही महिन्यांत तेलकट चमकायला लागतं.

निळा शांत होत नाही. त्याचा टक् आवाज दांड्यावरच्या सुट्या तुकड्याचा असतो, त्यात वंगण भरलंत तर आवाज मरतो आणि मजाही मरते. कळ दाबताना मध्ये बोटाला जाणवणारा अडथळा हवा असेल तर सायलेंट टॅक्टाइल बघा, नको असेल तर सायलेंट लिनियर. आत रबराचे तुकडे असतात, कळ खाली टेकताना आणि वर येताना आपटत नाही. जोर किती लागतो तेही बघा: चेरीचा निळा ६० सेंटिन्यूटनचा, लाल ४५ चा. निळ्यावरून एकदम लालवर आलात तर सुरुवातीला बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटेल.

कोकणकडा

देवनागरीचं राहिलंच. कीबोर्डला भाषा कळत नाही, तो नुसता कळीचा क्रमांक पाठवतो. क की k ते विंडोज ठरवतं. त्यामुळे छापील देवनागरी नसली तरी अडत काहीच नाही. छापूनच हवे असतील तर डाय-सब्लिमेशन (उष्णतेने शाई प्लास्टिकमध्ये मुरवणं) करून देणारे आहेत, पण ती शाई फिक्या पीबीटीवरच उठते, गडद कळांवर नाही. स्टिकर पीबीटीच्या खरखरीत पाठीवर टिकत नाहीत. तुम्हाला चार-पाचच अक्षरं बघायची आहेत ना? मग ५, ६, ७, ८ या कळांच्या पुढच्या उभ्या बाजूवर, म्हणजे तुमच्याकडे तोंड असलेल्या भिंतीवर, बारीक स्टिकर लावा: ज्ञ, त्र, क्ष, श्र. तिथे बोट घासत नाही.

आणि किट व्हीआयए किंवा क्यूएमकेवर (कळांची कामं बदलून देणारी सॉफ्टवेअर) चालत असेल तर कॅप्स लॉकवर विंडोज-स्पेस बसवा. मराठी-इंग्रजी एका बोटात बदलतं.

डाकवाला

स्टॅबिलायझरबद्दल कुणीच बोललं नाही अजून. स्विच कितीही भारी घ्या, स्पेसबार खुळखुळला की सगळा कीबोर्ड पत्र्याचा वाटतो. किटमधले तसेच बसवू नका. आधी तार काढून काचेवर ठेवा, एका टोकाला बोटाने दाबा. दुसरं टोक उचललं गेलं तर तार पिळलेली आहे, पक्कडीने हळूहळू सरळ करा. मग तारेची दोन्ही टोकं, जी प्लास्टिकच्या आत जातात तीच, डायइलेक्ट्रिक ग्रीसमध्ये बुडवून बसवा. स्टॅबिलायझरच्या प्लास्टिकच्या खोक्याच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ हात, शून्य नंबरच्या ब्रशने. पांढरा थर दिसला म्हणजे जास्त झालं. हे सगळं स्विच आणि कीकॅप चढवायच्या आधी, कारण नंतर स्टॅबिलायझर काढायचे तर आख्खा बोर्ड उघडावा लागतो.

स्विच फॅक्टरीतूनच वंगण घातलेले मिळतात, तेच घ्या. ७५ टक्क्यांच्या कीबोर्डचे सगळे स्विच एकेक उघडून ब्रश मारत बसायचं म्हणजे वीकएंड गेला. टॅक्टाइल घेतलेत आणि तरी हौस आलीच, तर दांड्याच्या दोन पायांना ग्रीस लावू नका, अडथळा तिथूनच येतो.

ब्रश, पक्कड, चिमटा पुण्यात तापकीर गल्लीत मिळून जाईल. डायइलेक्ट्रिक ग्रीस गाड्यांच्या स्पेअरवाल्याकडे विचारा. क्रायटॉक्स मात्र कीबोर्डच्या दुकानातूनच छोट्या डबीत घ्या, मोठी घेऊन संपत नाही.

टवाळ_टंकक

सासूबाईंना पण एक जुळवून द्या, झोपेचा प्रश्नच मिटेल.

बोरूबाई

टवाळराव, त्या मोबाइलवर बोलून लिहितात, माझ्या पुढे आहेत.

ठरलं ते असं: ७५ टक्क्यांचं हॉटस्वॅप किट इथूनच, सायलेंट टॅक्टाइल स्विच भावाकडून, ९० चा पॅक. कीकॅप फिका राखाडी पीबीटी, चेरी प्रोफाइल, फोटोत १.७५ ची शिफ्ट आहे, तीनदा झूम करून बघितली. तो १०४ वाला रद्द. एकच शेवटचं: स्विच ५ पिनचे आहेत आणि किटच्या पानावर "३ पिन" लिहिलंय. आता?

डाकवाला

काळजी नको. विजेचे पाय दोनच, धातूचे. मधला जाड खुंट दोघांनाही असतो. ५ पिनमध्ये बाजूला प्लास्टिकच्या दोन बारीक काड्या जास्त असतात, त्या फक्त आधाराला. नेलकटरने मुळापासून कापून टाका, स्विच ३ पिनचा झाला. बसवताना धातूचे पाय सरळ आहेत ना ते प्रत्येक वेळी बघा आणि पीसीबीच्या मागून सॉकेटला बोटाचा आधार देऊन दाबा, नाहीतर सॉकेट उखडतं. पण कापायच्या आधी दुकानाला एक मेल टाका. बरेचदा पान जुनं असतं आणि पीसीबी ५ पिनचाच येतो.

खटखट्या

आणि चेरी प्रोफाइल घेताय तर पीसीबीवर दिवे प्रत्येक स्विचच्या आकड्यांच्या ओळीकडच्या बाजूला आहेत की स्पेसबारकडच्या, तेही त्याच मेलमध्ये विचारा. आकड्यांच्या ओळीकडे असतील तर काही स्विचवर चेरीचे कीकॅप खाली जाताना स्विचच्या कडेला आपटतात, आणि मग सायलेंट घेऊन काही उपयोग नाही.

बोरूबाई

मेल टाकला. उत्तर आलं की इथेच लिहिते.