वेब पानातली सीएसएस काढायला चिअरिओ पुरे, की ब्राउझरच हवा?

रामबागकर: इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाची जुनी पानं नव्या साच्यात बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सगळी साधी एचटीएमएल, जावास्क्रिप्ट नावालाच. चिअरिओने (एचटीएमएल वाचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) सीएसएसचे, म्हणजे पान कसं दिसावं त्या नियमांचे, लिंक आणि स्टाइल टॅग वेचून एक फाइल करतोय. ऑफिसातले म्हणतात, पपेटियर (स्क्रिप्टमधून ब्राउझर चालवायचं साधन) लावून खरा क्रोम चालव. मला तो नसता उपद्व्याप वाटतो.

सराफ्यात_जागरण: ऑफिसातले बरोबर आहेत. चिअरिओ मार्कअप वाचतं, स्क्रिप्ट चालवत नाही. स्टाइल्ड कम्पोनन्ट्स ही स्टाइलची लायब्ररी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे चालू साइटवर, नियम इन्सर्टरूल या जावास्क्रिप्टच्या हाकेने आत सोडते. स्टाइल टॅग दिसतो, पण पोटात काही नाही. ब्राउझरला डॉक्युमेंट डॉट स्टाइलशीट्स (पानातल्या शीट्सची यादी) विचारा, सगळं मिळतं.

रामबागकर: सगळं कुठलं? दुसऱ्या डोमेनची शीट कॉर्सशिवाय (त्या डोमेनने दिलेल्या वाचायच्या परवानगीशिवाय) आली असेल, तर तिचे नियम मागताच सिक्युरिटी एरर. शिवाय ब्राउझर त्याला न कळलेल्या ओळी गाळून टाकतो. आयईसाठीचे (जुना इंटरनेट एक्सप्लोरर) नावाआधी तारा लावायचे ते जुगाड आठवतायत? ते गायब. मला मूळ मजकूर जसाच्या तसा जपायचाय.

पोहे_विथ_सेव: अहो, रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायची ओळ) मारा आणि मोकळे व्हा.

रामबागकर: आणि कॉमेंटमध्ये पुरलेल्या ‘इफ एलटी आयई ९’वाल्या (फक्त आयई ९ च्या आधीच्यांसाठी) लिंकाही उचला? आयई १० नेच त्या वाचणं सोडलं होतं. नको रे बाबा.

ताई_विजयनगर: तुम्ही दोघं अवजारावरून भांडताय, घोळ जोडणीत होतो. आधी सगळ्या लिंका आणि मग सगळे स्टाइल टॅग अशा दोन फेऱ्या मारल्या की क्रम मोडतो, आणि सारख्याच वजनाच्या नियमांत शेवटचा जिंकतो. दोन्ही एकाच सिलेक्टरमध्ये (टॅग निवडायच्या ओळीत) मागा, चिअरिओ पानातल्या क्रमानेच देतं. शीट पडद्यासाठी की छपाईसाठी ते सांगणारं मीडिया ॲट्रिब्यूट विसरू नका. प्रिंटच्या शीटमध्ये मेनूला डिस्प्ले नन (दाखवू नको) असतं. ॲट-मीडिया प्रिंटमध्ये न गुंडाळता चिकटवलंत तर दिवाळी अंकाच्या पानावरून मेनूच उडेल, आणि मंडळातले काका फोन करकरून जीव खातील. ॲट-इम्पोर्ट (दुसरी शीट आत ओढणारा नियम) इतर नियमांच्या खाली गेला की ब्राउझर ढुंकूनही बघत नाही. चित्रांचे सापेक्ष पत्ते सीएसएस फाइलच्या जागेवरून मोजले जातात, तेव्हा फाइल हलवली की तेही बदला. अल्टरनेट स्टाइलशीट (वाचकाने निवडली तरच लागणारी) असेल तर बाजूला ठेवा.

सराफ्यात_जागरण: ताई, हे सगळं हाताने करण्यापेक्षा क्रोम सोपा नाही का? क्रम, मीडिया, पत्ते, सगळं तोच सांभाळतो.

ताई_विजयनगर: दाखवताना सांभाळतो. एक फाइल तुम्हालाच करायची असते, तेव्हा जोडणीचं काम काही टळत नाही.

रामबागकर: क्रम आणि मीडिया आज रात्रीच घालतो. पत्ते उद्या. चिअरिओ मात्र सोडत नाही.

सराफ्यात_जागरण: जुन्या पानांपुरतं मान्य. पण मंडळाचा सभासद नोंदणीचा फॉर्म रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टने पान उभारणारी लायब्ररी) आहे ना? तिथे हीच स्क्रिप्ट चालवून दाखवा, मग बोलू.

रामबागकर: तो फॉर्म या कामात नाहीच. उगाच फाटे फोडू नका.