मदत हवी आहे: मुलीला मांजराची अ‍ॅलर्जी निघाली, बोक्याचं काय करावं?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि घरात एक बोका आहे, ज्याला तिने एवढंसं पिल्लू असल्यापासून वाढवलंय. काही महिन्यांपासून पहाटे उठल्या उठल्या तिला शिंकांवर शिंका येतात, नाक चोंदतं, डोळे चोळून चोळून लाल होतात. बोक्याने मनगट चाटलं की थोड्याच वेळात तिथे गांधी उठतात.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचायची चाचणी केली. (त्याआधी काही दिवस सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर अ‍ॅलर्जी असूनही चाचणीत दिसत नाही.) मांजर आणि डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे), दोन्हींच्या जागी फुगलं. कशामुळे किती त्रास होतोय, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

घरात सगळ्यांचं एकच टुमणं, आठ दिवस बोका दुसरीकडे ठेवून बघा. मला ते पटत नाही. त्रास केसांचा नसतोच. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं. अंग चाटताना ते अंगभर लागतं, वाळून कोंड्याबरोबर उडतं, तासन् तास हवेत राहतं, गाद्या-पडद्यांत मुरतं. मांजर गेल्यावरही घरातलं त्याचं प्रमाण पुरेसं उतरायला चार-सहा महिने लागू शकतात. मग आठ दिवसांत फरक दिसला नाही, तर बोका निर्दोष ठरतो का?

सध्या बोक्याला तिच्या खोलीत बंदी आहे. गादी-उशीला माइट रोखणारी कव्हरं घातलीत, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुते, गालिचा काढून टाकलाय, खोलीत हवा गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र चालू असतं. पहाटेच्या शिंका बऱ्याच कमी झाल्यात. पण संध्याकाळी त्याच्याशी खेळली की डोळे पुन्हा सुजतात, आणि खेळू नको म्हटलं की जेवत नाही. छातीत घरघर अजून नाही. ती सुरू झाली किंवा दम लागला तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि त्यात मी हयगय करणार नाही.

ज्यांच्या मुलांनी मांजराच्या अ‍ॅलर्जीसाठी इम्युनोथेरपी (त्रास देणारं प्रथिनच थोडं थोडं वाढवत देऊन शरीराला त्याची सवय लावणं) घेतली, त्यांनी कृपया लिहा. तीन ते पाच वर्षांचा कोर्स, इंजेक्शनं, प्रत्येक वेळी नंतर अर्धा तास दवाखान्यात थांबणं, हे या वयात मुलं कशी निभावतात? मांजर घरात असतानाच कोर्स केला का, आणि गुण आला का?

दुसरं, अंड्यातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) घातलेलं एक मांजरांचं खाद्य मिळतं, ते लाळेतलं फेल डी १ निष्प्रभ करतं. प्रथिन कमी होतं हे समजलं, पण तुमच्या माणसांचा त्रास कमी झाला का? बोका खाण्याच्या बाबतीत हट्टी आहे, त्यामुळे खाद्य कसं बदललंत तेही सांगा.

आणि ज्यांना शेवटी मांजर दुसऱ्या घरी द्यावं लागलं, त्यांनी कोणत्या लक्षणावर तो निर्णय घेतला?