एकाच आर्केड स्टिकमध्ये दोन बोर्ड: पिको चालू असताना बटणे आपोआप दाबलेली दिसतात

चौथीकळ

नमस्कार. निन्टेंडो स्विच, पीएस४ आणि एक्सबॉक्स ३६० या तिन्ही कन्सोलवर चालेल अशी एक आर्केड स्टिक (दांडी आणि मोठी बटणे असलेला गेम कंट्रोलर) मी बांधत आहे. दांडी सानवा जेएलएफ आहे आणि ८ बटणे सानवा ओबीएसएफ-३० आहेत. स्विच आणि पीएस४ यांच्यासाठी जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्डाच्या चिपवर चालणारा प्रोग्राम) घातलेला रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरला आहे. मूळ ३६० कन्सोल सुरक्षा चिप असलेल्या कंट्रोलरलाच ओळखते, म्हणून तिच्यासाठी एका जुन्या वायर्ड पॅडचा (हातात धरायच्या कंट्रोलरचा) बोर्ड काढून आत बसवला आहे. प्रत्येक बटणाची सिग्नल वायर स्क्रू टर्मिनलवर आणून तेथून दोन्ही बोर्डांकडे नेली आहे. दोघांचे ग्राउंड एकच आहे आणि प्रत्येक बोर्डाची यूएसबी केबल वेगळी बाहेर काढली आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली आणि मुख्य म्हणजे, पिकोची केबल लावली की काही बटणे हात न लावता दाबलेली दिसतात आणि एखादे बटण दाबल्यावर भलतीच दोन दाबली जातात. पॅडकडे जाणाऱ्या वायरी काढून ठेवल्या तर मात्र पिको निर्दोष चालतो. दुसरी, पॅडच्या केबलवर उजवा ट्रिगर सतत अर्धवट दाबलेला दिसतो. तिसरी, पीएस४ वर खेळ व्यवस्थित सुरू होतो, पण काही मिनिटांनी स्टिक प्रतिसाद देणे थांबवते. सर्व सांधे मल्टिमीटरच्या बीप मोडवर तपासले असून कोठेही शॉर्ट आढळला नाही.

तांब्याचीतार

आपल्या पहिल्या अडचणीचे उत्तर आपण स्वतःच केलेल्या तपासणीत आहे. पॅडच्या वायरी काढल्यावर दोष जातो, म्हणजे दोष सांध्यांत नसून विजेचा पुरवठा नसलेल्या पॅडच्या बोर्डात आहे, आणि म्हणूनच मल्टिमीटरला तो सापडत नाही.

चिपच्या प्रत्येक इनपुट पिनच्या आत साधारणतः एक संरक्षक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. पिनवरील व्होल्टेज चिपच्या स्वतःच्या पुरवठ्यापेक्षा फार वर गेले, तर तो प्रवाह पुरवठ्याच्या रेषेकडे वळवतो. पॅडची केबल लावलेली नसताना त्या चिपचा पुरवठा शून्य असतो. पिको आपल्या पिना ३.३ व्होल्टवर धरून ठेवतो खरा, पण ते आतल्या ५० ते ८० किलोओहमच्या रेझिस्टरमधून, त्यामुळे एका रेषेतून जेमतेम काही दशक मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह मिळतो. तो सगळा त्या डायोडमधून झोपलेल्या बोर्डात मुरतो, रेषेचे व्होल्टेज खाली ओढले जाते आणि पिकोला बटण दाबल्याचा भास होतो. सर्व रेषा मिळून त्या बोर्डाला थोडी थोडी वीज पुरवत असल्यामुळे एक बटण दाबले की इतरांचे व्होल्टेजही बदलते. भलतीच बटणे दाबली जाण्याचे कारण हेच आहे.

यावर काही जण प्रत्येक रेषेत डायोड घालतात. मला तो मार्ग पसंत नाही, कारण सांधे दुप्पट होतात आणि पुढे दोष शोधणे अवघड जाते. त्यापेक्षा दोन्ही बोर्डांना कायम एकत्र वीज द्या. स्टिकमधून एकच यूएसबी केबल बाहेर काढा. तिची लाल वायर पिकोच्या व्हीबस (यूएसबीच्या ५ व्होल्टच्या) पिनला आणि पॅडच्या ५ व्होल्टच्या बिंदूला, दोन्हीकडे जोडा. काळी वायर सामाईक ग्राउंडला जोडा. हिरवी आणि पांढरी, म्हणजे डी-प्लस आणि डी-मायनस, एवढ्या दोनच वायरी सहा पिनांच्या डीपीडीटी स्विचमधून (दोन वायरी एकदम दोनपैकी एका बाजूला वळवणाऱ्या स्विचमधून) न्या आणि कोणत्या बोर्डाने कन्सोलशी बोलायचे ते त्या स्विचने ठरवा. दोन्ही बोर्डांचा मिळून वापर यूएसबी २.० पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरच्या मर्यादेत आरामात बसतो. डेटाच्या दोन वायरी आखूड आणि एकमेकींभोवती पिळलेल्या ठेवा, आणि स्विच केबल काढलेली असतानाच फिरवा. नवी केबल घेताना ती केवळ चार्जिंगची नाही याचीही खात्री करा, कारण त्या प्रकारात या दोन वायरी नसतातच.

मात्र त्याआधी एक मोजमाप टाळू नका. पिकोच्या वायरी काढून फक्त पॅडला वीज द्या आणि न दाबलेल्या प्रत्येक बटणाच्या रेषेवर ग्राउंडच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत ते पाहा. ३.३ किंवा त्याहून कमी आले तर पुढे जा. ५ आले तर थांबा, कारण पिकोवरील आरपी२०४० चिपच्या पिना ५ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत.

दुसराखेळाडू

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. ट्रिगर आणि पीएस४ यांविषयी लिहितो.

ट्रिगर हे बटण नसते. पॅडमध्ये त्याच्या जागी पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) किंवा चुंबकीय सेन्सर असतो आणि बोर्ड त्याच्याकडून येणारे व्होल्टेज मोजत राहतो. तो भाग काढून टाकला की रेषा तरंगत राहते, म्हणजे तिचे व्होल्टेज निश्चित राहत नाही, आणि ट्रिगर अर्धवट दाबलेला दिसतो. डाव्या ट्रिगरचा मूळ भाग शाबूत असेल, तर त्याच्या मधल्या पिनवर सोडलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीतील व्होल्टेज मोजून घ्या. दाबल्यावर व्होल्टेज उतरत असेल तर काम सोपे आहे: मधल्या पिनपासून बोर्डाच्या ३.३ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि बटणाने ती पिन ग्राउंडला जोडा. दाबल्यावर व्होल्टेज चढत असेल, तर मात्र ती रेषा पिकोला थेट जोडून चालणार नाही. सोडलेल्या स्थितीत ती शून्याजवळ असेल आणि पिकोला ते बटण कायम दाबलेले दिसेल. अशा वेळी बीसी५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर वापरा. एमिटर पॅडच्या ३.३ व्होल्टला, बेस १० किलोओहममधून बटणाच्या रेषेला, कलेक्टर ट्रिगरच्या मधल्या पिनला जोडा आणि तेथून ग्राउंडकडे आणखी एक १० किलोओहमचा रेझिस्टर न्या. हे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतील.

पीएस४ च्या बाबतीत आपल्या वायरिंगचा काहीही दोष नाही. ते कन्सोल कंट्रोलरकडे अधिकृततेचा पुरावा मागते आणि तो न मिळाल्यास साधारण ८ मिनिटांनी त्याचे ऐकणे बंद करते. जीपी२०४०-सीईमध्ये यासाठी पिकोच्या लागोपाठच्या दोन मोकळ्या पिनांवर एक यूएसबी सॉकेट जोडण्याची सोय आहे. त्यात परवानाधारक कंट्रोलर किंवा चालेल असा डोंगल (छोटे यूएसबी उपकरण) लावला की कन्सोलचा प्रश्न त्याच्याकडे आणि त्याचे उत्तर कन्सोलकडे पोहोचवले जाते. सॉकेटचे ५ व्होल्ट व्हीबसवरून घ्या. स्टार्टचे बटण दाबून धरत स्टिक संगणकाला जोडली आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ हा पत्ता उघडला, की त्या पिना कोणत्या हे नोंदवता येते.

चौथीकळ

दोघांचेही मनापासून आभार. पॅडच्या रेषांवर ३.२ व्होल्टच्या आसपास मिळाले, म्हणून एकच केबल आणि डीपीडीटी स्विच अशी रचना केली आणि आपोआप दाबली जाणारी बटणे पूर्णपणे थांबली. ट्रिगर दाबल्यावर व्होल्टेज चढते, त्यामुळे ट्रान्झिस्टरची जोडणी केली असून तीही चालते. यूएसबी सॉकेट आणून झाल्यावर पीएस४ चे काम हाती घेईन. आता दांडी वर केली की पात्र उजवीकडे जाते, आणि हे दोन्ही बोर्डांवर सारखेच होते. पिकोच्या सेटिंगमध्ये दिशा बदलून घ्याव्यात का?

तांब्याचीतार

सेटिंगमध्ये बदलू नका. तेथील बदल फक्त पिकोला कळेल आणि ३६० वर दिशा चुकीच्याच राहतील. दांडी बसवताना तिचा ५ पिनांचा कनेक्टर ज्या बाजूला येतो, त्यावर कोणती वायर कोणत्या दिशेची हे ठरते; आपली दांडी बहुधा ९० अंशांनी फिरवून बसली आहे. दोन्ही बोर्डांच्या वायरी जेथे एकत्र येतात त्या स्क्रू टर्मिनलवरच, दांडीकडून येणाऱ्या दिशांच्या चार वायरी बदला. मायक्रोस्विच पाहून वायर ओळखणार असाल, तर दांडी मध्यावर टेकलेली असल्याने वरचा गोळा पुढे ढकलला की खालचे टोक मागे जाते आणि मागचा मायक्रोस्विच दाबला जातो, हे ध्यानात ठेवा.

पेटी उघडलीच आहे, तर बटणांच्या ग्राउंडची साखळीही पाहून घ्या. बहुतेक जण ती पहिल्या बटणापासून शेवटच्यापर्यंत नेऊन सोडून देतात, त्यामुळे मधले एक टर्मिनल सैल झाले की पुढची सगळी बटणे एकदम बंद पडतात. शेवटच्या बटणापासून एक वायर परत ग्राउंडच्या स्क्रूवर आणली, तर एक सांधा निसटूनही सर्व बटणे चालू राहतात. सानवाच्या बटणांना २.८ मिलिमीटरचे टर्मिनल लागतात, ४.८ चे चिमटून बसवलेले असतील तर ते आताच बदला.