गल्ल्यागल्ल्यांत स्पर्धा लावल्यानं माणसं जोडली जातात की तुटतात?

जुळे सोलापूरकर

सोलापुरातल्या आमच्या नव्या नगरात दिवाळीआधी ‘स्वच्छ गल्ली’ स्पर्धा घ्यायचं घाटतंय. महिनाभराची मुदत, गल्लीनिहाय गुण, पहिल्या गल्लीला ढाल आणि रोख बक्षीस. बैठकीतच दोन तट पडले. विरोधातल्यांचं म्हणणं असं की आज जी थोडीफार बोलचाल आहे तीही बंद होईल.

मी स्पर्धेच्या बाजूनं आहे. आमच्याकडं कुणी अक्कलकोटहून आलेलं, कुणी मंगळवेढ्याहून, कुणी पेठेतला वाडा विकून. प्रत्येकाचं गेट वेगळं, बोअर वेगळं. पेठेत एका नळावर अख्खा वाडा भांडायचा, पण कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचं पोर आजारी आहे, सगळं सगळ्यांना ठाऊक असायचं. इथं चार-पाच दिवसांनी पाणी सुटलं की जो तो मोटार लावून खेचतो आणि शेवटच्या घरापर्यंत धार पोचतच नाही. म्हणजे चुरस आमच्यात आत्ताही आहे, आणि ती शेजाऱ्याशीच आहे. तीच पलीकडच्या गल्लीकडं वळवली तर शेजारी आपल्या बाजूचा होईल.

साखर पेठेतली

शेजारी आपल्या बाजूचा होईल, पण पलीकडच्या गल्लीतली मैत्रीण परकी होईल, त्याचं काय दादा?

आमच्या पूर्व भागात बतुकम्मा असते, तेलुगू बायकांचा फुलांचा सण, सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस. लहानपणी आम्ही बायका-पोरी मिळून माळावरून तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे आणायचो. ताटात पानं अंथरायची आणि फुलांचे थरावर थर लावत वर न्यायचे. एकीला झेंडू कमी पडला की दुसरी आपल्या ओच्यातला ओतायची. मग सगळ्यांच्या बतुकम्मा मधोमध ठेवून भोवती फेर. कुणाची उंच, कुणाची बुटकी, कुणी बघत नसे.

पुढं एका मंडळानं बक्षीस लावलं, सर्वांत उंच आणि सर्वांत आकर्षक बतुकम्मेला. बघता बघता फुलं पोत्यांनी विकत यायला लागली. दिवसभर विड्या वळून, त्या कारखान्यात देऊन संध्याकाळी घरी पोचणारी बाई कडेला उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. आपली बुटकी बतुकम्मा ती आता घरातच पुजते. जिच्याकडं रिकामा वेळ आणि पैसा, तीच जिंकणार. अशानं वस्ती जवळ येते हे मला कुणी पटवून द्या.

हलगी

ताई, तुम्ही सांगता त्यातला शब्द न् शब्द खरा. पण माझ्या मते दोष चुरशीचा नाही, बक्षीस कशाला लावलं त्याचा आहे. उंच बतुकम्मा पैशानं उभी करता येते. लेझीम तशी आणता येत नाही.

गणपतीच्या आधी कितीतरी दिवस आमच्याकडं रात्री जेवणं झाली की पोरं मैदानात जमतात. हलगीवर टिपरी पडली की पहिल्या रांगेतला इंजिनिअर असो नाहीतर टॉवेलच्या कारखान्यातला कामगार, पाय एकाच ठेक्यावर पडावा लागतो. मागच्या रांगेत एकाचा डाव चुकला तरी सगळी ओळ विस्कटते. म्हणून जो सरावाला येत नाही त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन यावं लागतं. त्याच्या आईशी बोलावं लागतं, रात्रपाळी असेल तर सुपरवायझरला विनंती करावी लागते. मिरवणुकीत नंबर काढायचा असतो म्हणूनच पोरं एवढं करतात. डॉल्बी भाड्यानं आणली की माणसांची गरजच संपते, वर्गणी दिली की झालं.

जे विकत आणता येतं त्याला बक्षीस देऊ नका, आणि ज्याला पुष्कळ हात लागतात त्याला जरूर द्या. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ भांडणं टळतील.

बार्शीकर

हलगी यांना अनुमोदन. पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा आठवा. 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2019 साली पहिला नंबर आमच्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं काढला. एप्रिल-मे, 45 दिवस, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. श्रमदान किती, शोषखड्डे किती, रोपवाटिका केली का, यावर गुण. सगळं टेप लावून मोजता येणारं काम, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव नाही. निवडणुकीनंतर एकमेकांच्या लग्नाला न जाणारे दोन गट एकाच चरात टिकाव मारतात, ते नुसत्या भाषणानं झालं असतं का?

उत्तर कसबा

सुर्डीचं कौतुक मलाही आहे, पण ते उदाहरण इथं लागू पडत नाही. चर खोदला की पाणी आपल्याच शिवारात मुरतं. ढाल दुसऱ्या गावाला गेली तरी खोदणाऱ्याचं नुकसान नाही. गल्ली झाडण्यात असं काय मुरणार आहे? ढाल वाटून झाली की झाडू कोपऱ्यात. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा मी नोकरीनिमित्त खेड्यांतून हिंडत होतो. काही गावांनी खरंच मन लावून काम केलं. बाकी ठिकाणी समिती यायच्या आदल्या दिवशी चुना मारला जायचा आणि ती गेली की उकिरडा पुन्हा जागेवर.

माणसं एकत्र यायला नंबर लागतो, हेच मला मान्य नाही. आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, निघतात. काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं, क्रम ठरलेला. ती उंच, जड काठी तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करायची, म्हणून पोरं आधी किती दिवस सराव करतात ते जाऊन बघा. कुठल्या काठीचा पहिला नंबर आला, असं आजवर कुणी विचारलंय का? आपला सार्वजनिक आजोबा गणपती 1885 सालापासून बसतो, टिळकांनी 1893 साली उत्सवाची हाक दिली त्याच्याही आधीपासून. तेव्हा कुठली ढाल ठेवली होती?

जुळे सोलापूरकर

सर, काठीचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. आमच्या नगरात कुणाकडंच कसला मान नाही. सगळेच नवे. एकत्र यायला काहीतरी निमित्त लागणारच, आणि परंपरा तयार व्हायची वाट बघत बसलो तर आमची मुलं पुण्याला निघून जातील.

हलगी यांचा मुद्दा मात्र घेतो. रंगरंगोटी, कुंड्या, दिव्यांच्या माळा यांना गुण नकोत. ओला-सुका कचरा वेगळा देणारी घरं किती आणि पाण्याच्या दिवशी मोटार न लावणारी घरं किती, यावरच गुण. दुसरं असं की पहिला-दुसरा नंबरच नको. ठरलेला आकडा जी गल्ली गाठेल तिला ढाल, मग सगळ्यांनी गाठला तर सगळ्यांना.

हलगी

हे नाही पटलं ओ. सगळ्यांनाच ढाल म्हटल्यावर रात्री कोण कुणाच्या दारात बोलवायला जाईल? नंबर ठेवाच. हरलेल्या गल्लीला पुढच्या वर्षी परीक्षक करा, बघा कशी डोळ्यात तेल घालून तपासते.

साखर पेठेतली

नंबर ठेवा नाहीतर काढा. मला त्याआधीचं विचारायचंय. तुमच्या गल्ल्या आज कोण झाडतं? आमच्या भागातून बायका येतात, सकाळच्या रिक्षानं. स्पर्धेच्या महिन्यात घरमालक स्वतः झाडू हातात घेणार, की तिलाच तासभर जास्त थांबवणार? आणि गल्लीला रोख बक्षीस मिळालं तर त्यात तिचा वाटा धरलाय का? वरच्या मजल्यावरचा भाडेकरू घरांच्या मोजणीत येणार का? पुढच्या बैठकीत हे आधी लेखी ठरवा आणि मग मला सांगा, मी येते परीक्षक म्हणून.